तोंडात खिळे होते म्हणून

…नाही, पण ज्याचा झाला त्याला कुणी विचाराल की नाही? अख्ख्या घरात तेच, अख्ख्या गल्लीत तेच, "अहो, यांचा अपमान झाला! यांचा अपमान झाला!" सकाळी दूधवाला आला, किटली खाली टेकवली आणि माझ्याकडे बघून म्हणतो, "काका, फार वाईट झालं हो." मी म्हटलं, "का रे, दूध नासलं?" तर म्हणतो, "दुधाचं नाही, तुमचं…" आणि असा काही चेहरा केला, असा चेहरा केला, की मला वाटलं मला काहीतरी मोठं दुखणं झालंय आणि घरच्यांनी माझ्यापासून लपवून ठेवलंय! मी आत जाऊन आरशात बघून आलो. होतो तसाच होतो. जरा दाढी वाढली होती, एवढंच.

तुम्हाला सांगतो, मी काही शिकलेला माणूस नाही. खुर्च्या भरतो मी. म्हणजे खुर्चीची बैठक खचली, कोचाच्या स्प्रिंगा वर आल्या, की जुनं कापड फाडायचं, आतला काथ्या, कापूस बाहेर काढायचा, पट्टे ताणायचे, नवीन भरायचं आणि वरून कापड ठोकून द्यायचं. सगळं आयुष्य लोकांच्या बसण्याची सोय करण्यात गेलं. आता या माझ्या धंद्यात अपमान हा शब्द कुठून येणार? आमचे मिस्त्री, ज्यांच्या हाताखाली मी शिकलो, ते हातोडीचा दांडा पाठीत घालायचे. घरी गेलो की आई विचारायची, "आज तोंड का उतरलंय?" मी म्हणायचो, "बोलणी खाल्ली." संपलं! हात धुतले, जेवायला बसलो. त्या वेळी आम्ही बोलणी खायचो, शिव्या खायचो, मार खायचो… गरिबाला खायला काही कमी नव्हतं हो! अपमान मात्र मोठ्या लोकांचा. आणि ते तो खात नाहीत, बरं का. ते गिळतात. औषधाच्या गोळीसारखा. पाणी न घेता.

हल्ली मात्र बघावं तिथे अपमान स्वस्त झालाय. आता आमची ही. बायको माझी. हिला मी म्हटलं, भाजीत मीठ जरा कमी आहे, की हिचा अपमान. बरं, म्हणून दुसऱ्या दिवशी म्हटलं, वा, आज भाजी छान झालीय, तर म्हणते, "म्हणजे? रोज छान नसते?" पुन्हा अपमान! मग मी शहाणपणानं काहीच बोलायचं नाही असं ठरवलं, गुपचूप जेवून उठलो, तर तो म्हणे सगळ्यात मोठा. आणि आमचा दादा, माझा थोरला भाऊ, त्याची तर गोष्टच सोडा. त्याच्याकडे जुने अपमान असे घडी घालून ठेवलेले आहेत, पेटीत गरम कपडे ठेवतात ना तसे. जरा गारठा पडला की एक काढायचा, झटकायचा आणि अंगावर घेऊन बसायचं. "त्या वर्षी फोटो काढताना मला कडेला उभं केलं होतं…" अरे दादा, तू उंच आहेस! उंच माणूस मधे उभा राहिला तर मागच्यांचं काय? पण नाही. ज्याचा झाला त्याला माहीत, म्हणतो.

तेच तर मी म्हणतोय! ज्याचा झाला त्याला माहीत पाहिजे ना? इथे झाला माझा, आणि मी सोडून सगळ्यांना माहीत!

तर झालं असं… सांगतो, सांगतो, माझी बोलायची चाल जरा बैलगाडीची आहे, पण पोचते.

आमची मुलगी, आम्ही तिला चिमी म्हणतो, आता मोठी झाली, नोकरीला लागली तरी चिमीच, ती एका मोठ्या ऑफिसात आहे. टेबल आहे तिला स्वतःचं. त्यावर पंखा. त्या ऑफिसात एक मोठा हॉल आहे, मीटिंगांचा. तिथल्या खुर्च्या सगळ्या खचलेल्या. बसलेला माणूस इतका खाली जायचा म्हणे की समोरच्याला नुसती टाळूच दिसायची. तर त्या भरून द्यायचं काम एका कंत्राटदाराला मिळालं आणि त्यानं मला बोलावलं. म्हणाला, "काका, अमुक वारी हॉल रिकामा आहे, या." मी मनात म्हटलं, चिमीला सांगायचंच नाही. गुपचूप जायचं, काम करायचं आणि जेवायच्या सुट्टीत एकदम तिच्या टेबलापाशी उभं राहायचं. कशी दचकेल!

आता कंत्राटदार म्हणजे कंत्राटदार. त्यानं वार चुकीचा सांगितला. मला काय माहीत? मी गेलो, हॉल उघडा, माणूस नाही कुणी, मी आपला कामाला लागलो. सगळ्या खुर्च्या उलट्या केल्या, पाय वर. काथ्याचा ढीग एकीकडे, कापसाचा ढीग एकीकडे, धूळ तर अशी की पलीकडची भिंत दिसेना. आणि मी मधोमध खाली बसून कापड ठोकतोय.

आता इथे एक गोष्ट तुम्हाला कळली पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं फुकट. आमच्या कामात दोन हात पुरत नाहीत. डाव्या हातानं कापड ताणून धरायचं, सोडलं की सुरकुती पडली. उजव्या हातात हातोडी. मग खिळा कोण देणार? तोंड! मूठभर बारीक खिळे तोंडात टाकायचे, गालात ठेवायचे, आणि जिभेनं एकेक फिरवून त्याचं डोकं ओठाशी आणायचं. आमच्या हातोडीच्या टोकाला लोहचुंबक असतं, ते ओठाशी नेलं की खिळा टक्कन चिकटतो, की मारला. ओठ, ठक. ओठ, ठक. कधी एखादा खिळा गिळला नाही आजवर. पण बोलायचं मात्र नाही. बोललात तर गेलात.

तर माझं ओठ-ठक, ओठ-ठक चाललंय, आणि धाडकन दार उघडलं! पुढे साहेब. कडक इस्त्री. मागे पाहुणे, सगळी मोठमोठी माणसं, एक वयस्कर बाई होत्या चष्म्यातल्या, आणि त्यांच्या मागे ऑफिसची माणसं हातात कागद घेऊन. म्हणजे त्या दिवशीच मीटिंग! साहेबानं हॉल बघितला. उलट्या खुर्च्या बघितल्या. त्याचा चेहरा असा झाला, की काय सांगू, घरी पाहुणे आणावेत आणि बायको पंचा गुंडाळून शेणानं… नाही, जाऊ द्या, ते नको. असा झाला एवढंच समजा.

"हे काय चाललंय? कोण आहे हा माणूस? कुणी बसवलं याला इथे? ए! तुला विचारतोय! पाहुण्यांनी बसायचं कशावर? तुझ्या डोक्यावर? काही लाज? काही शिस्त? मंद आहेस का?"

आणि मी? मी त्याच्याकडे बघतोय आणि मान हलवतोय. काय करणार?

"अरे मान काय हलवतोस! बोल ना! मूग गिळलेस का?"

आता तुम्हीच सांगा. माणूस विचारतोय, मूग गिळलेस का. मी म्हटलं, याला दाखवावं बाबा, मूग नाहीत, खिळे आहेत. म्हणून मी आपलं सरळ मनानं तोंड उघडलं आणि जीभ बाहेर काढली.

जिभेवर खिळे होते हो! चांगले आठदहा होते! पण लांबून, त्या धुळीत, कुणाला दिसणार? त्यांना दिसलं काय, तर एक म्हातारा खाली मांडी घालून बसलाय आणि साहेबाला जीभ काढून दाखवतोय!

हॉलमध्ये शांतता. अशी शांतता, की कापूस खाली पडला असता तरी ऐकू आला असता. आणि त्या शांततेत त्या चष्म्यातल्या बाई… फिस्सकन हसल्या. त्या हसल्या तसा दुसरा एक पाहुणा खोकला, पण तो खोकला नव्हता, ते मलाही कळलं. साहेब लाल. मग जांभळा. "जीभ? मला जीभ दाखवतो? बाहेर काढा! आत्ताच्या आत्ता बाहेर काढा या माणसाला!" शिपाई बिचारा आला, माझा दंड धरला, कानात म्हणाला, "चला काका, उगाच वाढवू नका." मी उठलो. गुडघ्यांमुळे मला उठायला वेळ लागतो, तर तेही म्हणे मी मुद्दाम सावकाश उठलो!

आता बघा, इथवर मला काही वाटलं होतं का? नाही. अगदी गळ्याशपथ नाही. माणूस घाबरला की ओरडतो. त्याचे पाहुणे आले, त्याची फजिती झाली, तो ओरडला. आमचे मिस्त्री तर काही नसताना ओरडायचे. अपमानबिपमान माझ्या डोक्यातही नव्हता.

पण दारातून बाहेर पडताना मी वर बघितलं. तर दाराशी, कागद छातीशी धरून, चिमी उभी.

माझ्याकडे बघितलं तिनं. मी तिच्याकडे. आणि तिनं मान फिरवली. भिंतीकडे. भिंतीवर काहीसुद्धा नव्हतं, बरं का, मी बघितलं. पांढरी भिंत.

मी खाली आलो, रस्त्याला लागलो. हातोडी वरच राहिली. आणि तुम्हाला सांगतो, तोंडातले खिळे तोंडातच राहिले. विसरलो मी. इतक्या वर्षांत कधी विसरलो नव्हतो. चालतोय, आणि डोळ्यापुढे ती पांढरी भिंत. म्हटलं, पोरीला माझी लाज वाटली. वाटणारच. मांडी घालून बसलेला, डोक्यात काथ्या, नाकावर धूळ, चार मोठ्या माणसांपुढे… टेबल आहे तिला, त्यावर पंखा आहे. कुठे ते आणि कुठे हे. बरोबरच आहे, असं म्हणायचो आणि दोन पावलं गेलं की पुन्हा, पण भिंतीकडे का बघितलंस गं?

कोपऱ्यावरचा न्हावी दारात उभा होता. "काय काका, आज लवकर?" मी नुसती मान हलवली. "बरं नाही का?" मी मान हलवली. "काही झालं का?" आता हो म्हणू की नाही म्हणू, मी दोन्ही बाजूंना मान हलवली. झालं! न्हावी तो! त्यानं संध्याकाळपर्यंत जितक्या दाढ्या केल्या तितक्या जणांना सांगितलं, "काकांचं काहीतरी फार मोठं झालंय हो. शब्द फुटत नाही त्यांच्या तोंडातून!" अरे फुटेल कसा! खिळे आहेत!

घरी येऊन पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तेव्हा आठवलं. खिळे वाटीत काढले. हिनं बघितलं आणि म्हणाली, "हे काय, रस्ताभर तोंडात? तुम्हाला वेडबिड लागलंय का?" मी म्हटलं, "काही नाही, काम लवकर आटपलं." बस, एवढंच.

संध्याकाळी चिमी आली. चपला काढल्या आणि दारातच, "आई! आज ऑफिसात बाबांचा अपमान झाला! सगळ्यांसमोर!" आणि जी रडत सुटली, ती खोलीत गेली आणि दार लावलं. आता ही माझ्याकडे वळली. "अपमान झाला? आणि तुम्ही म्हणता काम आटपलं?" मी म्हटलं, "अगं, मला वाटलं बोलणी खाल्ली." "बोलणी? अहो, चारचौघांत झाली की त्याला अपमान म्हणतात! तुम्ही कसले हो माणूस! त्या खुर्च्यांसारखेच! कुणीही यावं आणि बसावं!" आता हा अपमान नव्हता का? पण नाही, घरातला धरत नाहीत.

मग दादाला बोलावणं गेलं. दादा तर काय, तयारच! येतानाच आवाज चढवून आला. पाणीसुद्धा प्यायला नाही. म्हणाला, "हा तुझा एकट्याचा अपमान नाही. हा आपल्या घराण्याचा अपमान आहे!"

मी म्हटलं, "मग दादा, सगळे वाटून घ्या. मला एकट्याला कशाला?"

"थट्टा नको! त्या साहेबानं माफी मागितली पाहिजे. उद्या आपण सगळे जाणार."

"अरे पण मला काही लागलेलं नाही त्याचं."

"तुला लागलं की नाही याचा इथे संबंध काय!"

ऐकलंत? ज्याचा झाला त्याचा संबंध काय! दादा बोलतोय, ही बोलतेय, शेजारची दारातून डोकावून "अगंबाई, खरंच का" म्हणतेय, आणि माझं सगळं लक्ष त्या बंद दाराकडे. मला साहेबाची माफी नको होती हो. तो मला कोण? त्यानं मला माफी दिली काय आणि लोणी दिलं काय. मला एवढंच कळायला हवं होतं, की माझी मुलगी आता मला ऑफिसच्या रस्त्यावर भेटली तर ओळख देईल की भिंत शोधेल. पण हे दादाला कसं सांगणार? हिला कसं सांगणार? मी उठलो, दाराशी गेलो, हळूच टकटक केलं. "चिमे, चार घास खाऊन घे."

"तुम्ही जा ना बाबा."

"अगं, साहेबाचं मनावर नको घेऊस."

"बाबा, प्लीज जा. मी उद्या नोकरी सोडणार आहे."

म्हटलं, संपलं. म्हणजे इतकी लाज. आता तिला त्या ऑफिसात तोंड दाखवायला जागा नाही, आणि ती कुणामुळे, तर माझ्यामुळे. जीभ मी काढली, आणि नोकरी तिची चालली.

दुसऱ्या दिवशी निघाली वरात. दादानं कोट घातला. उकाड्यात कोट! म्हणाला, "अपमानाला कोट लागतो." हिनं कपाटातले चांगले कपडे काढले. चिमी सगळ्यांच्या मागे, मान खाली, नोकरी सोडायला. आणि मी? मी आपली हातोडी आणायला. लोकांना वाटत होतं चाललेत इज्जत परत आणायला. मी हातोडीसाठी चाललो होतो हो, चांगली जुनी हातोडी आहे, हाताला बसलेली.

साहेबाच्या केबिनमध्ये गेलो. साहेब बसलाच होता, रात्रभर झोपलेला दिसत नव्हता. आम्हाला बघून म्हणाला, "या. मी वाटच बघत होतो. माफी मागायला आलात ना?"

दादा म्हणाला, "मागायला? घ्यायला आलोय आम्ही!"

"मी माफी मागू? मी?" साहेब उभाच राहिला. "अहो, अपमान माझा झालाय!"

"तुमचा कसा होईल? अपमान यांचा झालाय!"

"सगळ्या ऑफिससमोर यांनी मला जीभ दाखवली!"

"आणि तुम्ही यांना मंद म्हणालात!"

आणि मी मधे. एकदा इकडे बघतोय, एकदा तिकडे. प्रसंग एकच, हॉल एकच, आणि अपमान दोन! दोघंही तावातावानं, माझा मोठा की तुमचा मोठा! आणि एकालाही वाटलं नाही की ज्याच्यावरून चाललंय तो इथेच उभा आहे, जरा विचारून बघावं.

पण मग साहेबाचा आवाज एकदम खाली आला. म्हणाला, "तुम्हाला काय माहीत काल काय झालं ते. पाहुणे हसले हो माझ्यावर. कालपासून ज्याच्याकडे बघावं तो ओठ दाबून बसलाय. घरी जायच्या आधी घरी कळलेलं. जेवायला बसलो, तर माझा लहान मुलगा समोर बसून…" आणि त्यानं पुढचं सांगितलंच नाही. नुसता स्वतःच्या ओठांकडे हात नेला.

तेव्हा मी त्याच्याकडे नीट बघितलं. म्हटलं, अरेरे, याला खरंच लागलंय! माझा झालाय की नाही ते देव जाणे, पण याचा तर झालाय! शिपायाला खूण केली, म्हटलं माझी हातोडी आण बाबा, आणि ती खिळ्यांची पिशवी. साहेबाच्या समोर पाहुण्यांची एक खुर्ची होती, तिच्या कडेचं कापड सुटून लोंबत होतं. मी खाली बसलो. गुडघे कुरकुरले. खिळे तोंडात टाकले, कापड ताणलं आणि सुरू केलं. ओठ, ठक. ओठ, ठक.

साहेब टेबलावरून वाकून बघतोय. मी वर बघितलं आणि जीभ बाहेर काढली. हळूच. खिळ्यांसकट.

साहेब बघतच राहिला. "म्हणजे काल… ते… हे होतं?"

आता मी काय बोलणार? तोंडात खिळे!

"अहो सांगा ना! काल हेच होतं का?" मी मान हलवली. "मग बोलला का नाहीत?" मी मान हलवली. दादा म्हणतो, "बोल की रे!" ही म्हणते, "अहो, बोला एकदाचं!" सगळे माझ्यावर ओरडतायत, आणि मी मान हलवतोय. म्हणजे कालचाच खेळ पुन्हा पहिल्यापासून!

आणि तेवढ्यात मागून आवाज आला. "साहेब, ते माझे बाबा आहेत."

चिमी पुढे आली. म्हणाली, "तोंडात खिळे असले की ते बोलत नाहीत. मी लहानपणापासून बघतेय, घरात कुणी हाक मारली तरी आधी खिळा मारतात, मग ओ देतात. काल मी दारातच होते साहेब. तुम्हाला ते जीभ दाखवणं वाटलं, पण मला माहीत होतं. धुळीत दिसले नाहीत, तरी खिळेच असणार हे मला कळलं होतं. मी एक वाक्य बोलले असते ना, तर तिथंच सगळे हसले असते आणि संपलं असतं. पण पाहुणे होते, सगळे होते… आणि मी बोललेच नाही. माझे बाबा आहेत एवढंसुद्धा बोलले नाही. शिपाई त्यांचा दंड धरून घेऊन गेला, आणि मी भिंतीकडे बघत उभी राहिले." आणि मग माझ्याकडे वळली. "बाबा, रात्री मी दार उघडलं नाही, कारण मला तुमच्यासमोर यायची लाज वाटत होती."

ऐकलंत? तिला लाज वाटत होती ती माझी नाही! स्वतःची! अगं वेडे! रात्रभर मी कूस बदलतोय, ती पलीकडे कूस बदलतेय, मधे एक दार, आणि दोघांनाही लाज एकमेकांपुढे! माझ्या छातीवरून असा दगड उतरला, असा उतरला, की मला ओरडावंसं वाटलं, हसावंसं वाटलं, तिला जवळ घेऊन सांगावंसं वाटलं, की अगं, माझ्या तोंडात खिळे होते म्हणून मी गप्प, तुझ्या तोंडात भीती होती म्हणून तू गप्प, ती तर खिळ्यांहून जड… पण बोलणार कसा? रडूसुद्धा येईना धड! तुम्ही कधी बघा, रडताना माणूस आवंढा गिळतो. आणि मला तर गिळायची बंदी!

माझी ती अवस्था साहेबाला कळली. शपथेवर सांगतो, साहेबाला कळली. तो टेबलामागून आला, माझ्यासमोर खाली उकिडवा बसला, इस्त्रीसकट, आणि हात पुढे केला. मी एकेक खिळा त्याच्या तळहातावर काढून ठेवला. ओले होते हो सगळे. पण त्यानं हात मागे घेतला नाही. आणि शेवटचा खिळा निघाला तसा मी भोकाड पसरलं. चिमी रडायला लागली, ही रडायला लागली, साहेब हसायला लागला, आणि मग कोण रडतंय आणि कोण हसतंय काही कळेना. शिपायानं न सांगता चहा आणला.

माफी नक्की कुणी मागितली आणि कुणी दिली, हे म्हणाल तर आजतागायत ठरलेलं नाही. दादा म्हणतो, साहेबानं डोळ्यांनी मागितली आणि मी घराण्याच्या वतीनं मानेनं दिली. असेल बाबा. मला त्या केबिनमध्ये दादा दिसतच नव्हता.

नोकरी? छे, कसली सोडते! चहा झाल्यावर चिमीनं माझा हात धरला आणि मला प्रत्येक टेबलापाशी घेऊन गेली. अगदी प्रत्येक. "हे माझे बाबा. खुर्च्या भरतात." पुढचं टेबल. "हे माझे बाबा." मी म्हटलं, "अगं पुरे, माझ्या डोक्यात अजून कालचा काथ्या आहे." तर म्हणाली, "असू दे." आणि मी असा चाललो होतो, असा चाललो होतो, जसा काही मीच ते ऑफिस बांधलंय. इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं हो मला. हात सोडला असता तर पंख्याला जाऊन चिकटलो असतो.

पण आता त्याचं झालंय काय, की सगळ्या ऑफिसला कळलं, हे चिमीचे बाबा, खुर्च्या भरतात. झालं! पहिल्यांदा हेडक्लार्क आला, "काका, घरी एक जुनी खुर्ची आहे, जरा बघाल?" मग कॅशियरचा कोच. मग त्या चष्म्यातल्या बाईंनी माणूस पाठवून आरामखुर्ची धाडली. साहेबाच्या आईचा गादीवाला झोपाळा, तो तर दारातून आत येईना, खिडकी काढावी लागली! मी हिला म्हणतो, अगं, एखाद्याला नाही म्हणू का? तर म्हणते, "मुळीच नको, उगाच त्यांचा अपमान होईल!" पोरगी म्हणते, "बाबा, माझ्या ऑफिसचे आहेत हो." खोलीत खुर्च्या, ओट्यापाशी खुर्च्या, जिन्यात कोच, आणि सगळ्यांचे पाय वर, आतडी बाहेर. अंथरूण टाकायला जागा नाही, पाहुणा आला तर त्याला उभाच ठेवतो.

आता तुम्ही म्हणाल, काका, इतका वेळ बोलताय, दमला असाल, जरा बसून बोला की.

अहो, बसू कुठे?